भोक की पन्हळ?

तारकर्लीच्या कोमट पाण्यात डायव्हिंगला उतरणाऱ्याला सूटमध्ये पाणी शिरण्याची ही डोकेदुखी नसते. पण पुण्याहून उठून आइसलंडला गेलात, सिल्फ्राच्या भेगेत उतरलात, तर पाणी २ ते ४ अंश. तिथे ड्रायसूटच लागतो, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा सूट; पाणी अडवायला त्याच्या मनगटांना आणि मानेला घट्ट रबरी पट्टा असतो, तेच सील. वर आल्यावर बाही कोपरापर्यंत ओली निघाली की तोंडून निघतं, "सील फाटलं!"

दर वेळी फाटलेलं नसतं. भोक असेल तर रबरच गेलेलं असतं. पन्हळीत मात्र रबर धडधाकट असतं, खोड हाताची असते. आत्ता मूठ घट्ट आवळून मनगट जरा आत वळवा. आतल्या बाजूला दोन दोऱ्या वर येतात ना? आपण त्यांना शिरा म्हणतो, खरं तर ते स्नायुबंध. त्यांच्यामध्ये पडलेल्या खाचेवर सील नुसतं ताणून बसतं आणि खालून पाणी आत शिरतं, पन्हळीतून वाहावं तसं.

ओल दोन्हीकडे सारखीच. कुठली कुठून आली, ते शोधायची रीत पंक्चरवाल्याचीच. मनगटांच्या सीलमध्ये पाण्याच्या बाटल्या, मानेच्या सीलमध्ये चेंडू, झिप बंद, हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण आवळलेला. सूट हवेने फुगवायचा आणि सीलवर साबणाचं पाणी फिरवायचं. भोक असेल तिथे बुडबुड्यांचा बारीक झुबका धरतो. पेनने लगेच गोल करून ठेवा, साबण वाळला की जागा सापडत नाही. पन्हळ मात्र या परीक्षेत कधीच पकडली जात नाही. बाटलीला शिरा नसतात.

लॅटेक्सच्या (पातळ रबराच्या) सीलला मधोमध टाचणीएवढं भोक असेल तर लॅटेक्सचंच ठिगळ आणि रबराचं सोल्युशन लावून वेळ मारून नेता येते. कडेला चीर गेली असेल तर ठिगळाच्या नादी लागू नका. सील चढवताना ती ताणली जाते आणि वाढते. सिलिकॉनच्या सीलवर हे सोल्युशन धरतच नाही, ते सरळ बदलायचं. आणि बोट लावल्यावर लॅटेक्स चिकट लागत असेल तर त्याचे दिवस भरले. एप्रिल-मेच्या चाळिशीत सूट माळ्यावर टाकणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) तक्रार करू नये. ऊन, उष्णता, तेल, सनस्क्रीन, सगळंच त्याला बाधतं.

पन्हळीला सोल्युशन लावून काही होत नाही. सील दोन बोटं वर, कोपराच्या दिशेने सरकवायचं; तिथे हात जास्त गोल असतो. बाकी पाण्यात मूठ सैल ठेवायची.

हे मला उशिरा समजलं. साबणाचं पाणी न फिरवताच मी उजव्या मनगटाचं सील बदलून घेतलं, चांगले पैसे मोजून. पुढच्या डाइव्हला डावी बाही कोरडी, उजवी पुन्हा ओलीचिंब. कॅमेरा मी उजव्या हातात आवळून धरतो.