अल्कली धातू, आम्ले आणि आम्लारी : पार्श्वभूमी

हंफ्री डेव्ही यांनी ऑक्टोबर १८०७ मध्ये किंचित ओलसर पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) विद्युतप्रवाह सोडून पोटॅशियम मिळवले आणि काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यातून, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमधून, सोडियम वेगळे केले. आम्लारीच्याच, म्हणजे आम्लाला उदासीन करणाऱ्या पदार्थांच्याच, पोटातून निघालेले हे अल्कली धातू पुढे आम्ले आणि आम्लारी या दोहोंची परीक्षा घेण्यासाठी वापरले गेले.

त्या काळी प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचे मत प्रमाण मानले जाई. म्युरिअ‍ॅटिक आम्लाच्या, म्हणजे आजच्या हायड्रोजन क्लोराइडच्या, कोरड्या वायूत पोटॅशियम तापवले असता मात्र केवळ क्षार आणि हायड्रोजन मिळे. ऑक्सिजनचा मागमूस नसे. अशा प्रयोगांच्या आधारे डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे मांडले आणि जुन्या उपपत्तीचा पाया खचला. माझ्या मते या धातूंचे सर्वांत मोठे ऐतिहासिक काम हेच.

आम्लारींच्या बाजूने चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. गे-ल्युसॅक आणि थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८०८ मध्ये पोटॅशियम अमोनिया या आम्लारीधर्मी वायूत तापवले, तेव्हा हायड्रोजन सुटून हिरवट पदार्थ उरला. तो पोटॅशियम अमाइड, म्हणजे अमोनियातील एका हायड्रोजनची जागा पोटॅशियमने घेतलेले संयुग, होता. वेल या रसायनशास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये द्रव अमोनियात याच कुलातील धातू विरघळवले, तर गर्द निळे द्रावण मिळाले. ते थंड आणि शुद्ध ठेवल्यास बराच काळ टिकते, पण त्यात लोहाचे अंश मिसळले की हायड्रोजन सुटून अमाइड बनते. द्रव्ये तीच, परिस्थिती निराळी.

वितळलेल्या कॉस्टिक सोड्याच्या विद्युत अपघटनाने सोडियम काढण्याच्या कास्टनर पद्धतीत तापमान ३३० अंश सेल्सिअसच्या आसपासच राखावे लागे, कारण ते वाढले की तयार झालेला धातू पुन्हा त्याच द्रवात विरघळे आणि उत्पादन घटे.

जलीय द्रावणांत प्रश्न मुख्यतः वेगाचा असतो. विरल आम्लात या धातूंची अभिक्रिया पाण्यापेक्षाही उग्र होते. उलट संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम क्लोराइड फारसे विरघळत नसल्याने त्याचा थर धातूवर साचून अभिक्रिया मंदावू शकते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात धातू मुख्यतः पाण्याशीच झुंजतो, म्हणून तेथेही हायड्रोजनच निघतो. पाण्यातील स्फोटाचे श्रेय मात्र दीर्घकाळ उष्णतेला आणि हायड्रोजनच्या ज्वलनालाच दिले जाई. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूच्या थेंबातून इलेक्ट्रॉन झपाट्याने पाण्यात जातात, उरलेले धनभार एकमेकांना दूर लोटतात आणि थेंबातून काटे बाहेर फुटतात.