तिसरी रिव्हिजन आणि कोरा कागद

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा शास्त्री रोडला स्पर्धा परीक्षावाल्यांच्या कुठल्याही अभ्यासिकेखाली चहा घेत उभं राहा, हा संवाद कानावर पडतोच. "पॉलिटी झालं का रे?" "दोनदा झालं, तिसरी रिव्हिजन चालू आहे." पॉलिटी म्हणजे राज्यव्यवस्था हा विषय. विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्याची अजून पहिलीच चालू असते. अमक्याचा अभ्यास तमक्यापेक्षा पुढे, असा निकाल तिथेच लागतो. खरं तर एवढंच ठरलेलं असतं की एकाच्या नजरेखालून पानं दोनदा गेली आणि दुसऱ्याच्या एकदाच.

पुन्हा वाचणं ही एक गोष्ट आहे आणि पुस्तक मिटून आठवून पाहणं ही दुसरी. आपल्याकडे दोन्ही 'रिव्हिजन' या एकाच खात्यात जमा होतात. हा घोळ दरवर्षी नव्या पोरांसोबत पेठेत राहायला येतो आणि कॉट बेसिसवर, म्हणजे एक खाट भाड्याने घेऊन, मुक्काम ठोकतो. पुढे सहा-आठ महिन्यांनी हीच पोरं "मोटिव्हेशन राहिलं नाही" म्हणायला लागतात. मग त्यावर उपाय म्हणून कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या सत्कारातलं भाषण ऐकतात. भाषण चांगलं असतं, टाळ्याही वाजतात. दुसऱ्या दिवशी पोरं परत त्याच पानावर येऊन बसतात.

पुन्हा वाचण्याबद्दल काही सांगायची गरज नाही. ते सगळ्यांना येतं. पुस्तक उघडायचं, मागच्या वेळी पिवळ्या केलेल्या ओळी आता गुलाबी करायच्या, धडा संपवायचा, सिलॅबसच्या कागदावर टिकमार्क करायची.

आठवून पाहणं म्हणजे धडा वाचून झाल्यावर पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर जे येतं ते लिहिणं. काही ओळी सुचतात, मग गाडी अडते. अडल्यावर लगेच पुस्तक उघडायचं नाही, जरा झुंजायचं. मगच उघडून काय राहिलं, काय चुकलं ते बघायचं. लिहायचा कंटाळा असेल तर मनात म्हणा, खोलीत फेऱ्या मारत स्वतःलाच समजावून सांगा. वही, पाटी, पाठकोरे कागद, काहीही चालतं. सकाळी की रात्री, मराठीत की इंग्रजीत, एकट्याने की ग्रुपमध्ये, हे प्रश्न ज्यांना अभ्यास पुढे ढकलायचा असतो त्यांनी चघळावेत. अट एकच, उत्तर समोर दिसता कामा नये.

आता खरी मेख. आपल्याला किती येतं याचा या दोन्हींतून मिळणारा अंदाज एकमेकांच्या बरोबर उलटा असतो, आणि सगळे फसतात ते इथेच.

पंचायत राज घ्या. महाराष्ट्रातल्या समित्या तुम्ही वाचल्या आहेत: 1960 ची वसंतराव नाईक समिती, 1970 ची बोंगीरवार समिती, 1980 ची बाबूराव काळे समिती, 1984 ची प्राचार्य पी. बी. पाटील समिती. तिसऱ्यांदा हे पान उघडलं की प्रत्येक नावाला मान डोलते. हो, नाईक. हो, बोंगीरवार. पान सुळकन संपतं आणि मनात नोंद होते की हे येतंय. आता पुस्तक मिटा. चार समित्या, चार वर्षं आणि प्रत्येकीची एक तरी शिफारस लिहा. नाईक येतात. बोंगीरवार आडनाव वेगळं आहे म्हणून येतं. काळे आणि पाटील यांच्यात आधी कोण, इथे पेन थांबतं. शिफारशींचा तर पत्ताच नसतो.

दोन मिनिटांपूर्वी मान डोलत होती, ती खोटी नव्हती. ओळख खरीच होती. एसटी स्टँडवर एखादा चेहरा नक्की कुठेतरी पाहिलेला वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तशातली ही ओळख. माहिती समोर असताना 'ही माझी ओळखीची' असं वाटणं, आणि ती समोर नसताना आतून बाहेर काढता येणं, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी वाढेलच असं नाही. वाचताना मात्र आपल्याला पहिलीच जाणवते आणि आपण ती दुसरीच्या नावावर खपवतो.

हे माझ्या मनचं नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, विद्यार्थ्यांवर एक प्रयोग करून प्रसिद्ध केला. एका गटाने एक छोटा उतारा चारही सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्या एका गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणाऱ्यांनी बाजी मारली. त्यांना उताऱ्यातलं 83 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने परत विचारलं तेव्हा वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले होते आणि लिहून काढणारे 61 टक्क्यांवर होते. वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचून काढला होता, दुसऱ्यांनी साडेतीन वेळाही नाही. आणि आठवड्यानंतर किती लक्षात राहील, असं आधीच विचारलं होतं तेव्हा सर्वांत जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना.

वाचलं की सोपं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. आठवायला बसलं की डोकं दुखतं, कागद अर्धा रिकामा राहतो, म्हणून काहीच येत नाही असं वाटतं. जी पद्धत टिकते ती करताना आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, आणि जी विरून जाते ती करताना आपण हुशार. मग पोरगं काय करणार? एकदा कोरा कागद घेऊन बसतं, हिरमुसतं, "माझं बेसिकच कच्चं आहे, आधी अजून एकदा वाचून काढतो" म्हणत पुस्तकाकडे परततं. तिसरीची चौथी होते. आठवताना झालेली दमछाक हाच अभ्यास होता, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोटिव्हेशनचा प्रश्न मला इथून सुरू झालेला दिसतो. बारा-बारा तास बसून, तीन वेळा वाचून पोरगं परीक्षेला जातं. प्रश्न ओळखीचा दिसतो, उत्तर येत नाही. मेहनत पुरेपूर आणि हाती काही नाही, हे दोन-तीनदा झालं की कुणाचंही मन उडेल. त्याचा निष्कर्ष निघतो तो मात्र 'माझी स्मरणशक्ती कमी', 'माझ्यात जिद्द कमी', 'गावाकडे जाऊन शेती बघावी' असा. (जणू शेतीला जिद्द लागत नाही.) जिद्द भरपूर होती. ती अशा कामावर खर्च झाली ज्याचं फळ परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकत नाही. अशा पोराला भाषण ऐकवणं मला क्रूर वाटतं, कारण भाषण त्याला सांगतं की आणखी जोर लाव. तो आणखी तास वाढवतो, म्हणजे आणखी वाचतो.

उलट कोऱ्या कागदावर आज चारातल्या दोन समित्या आल्या, परवा तीन आल्या, रविवारी चारही आल्या, हे डोळ्यांना दिसतं. भिंतीवर चिकटवलेल्या सुविचारापेक्षा याच्यावर मन जास्त टिकतं. प्रगतीचा पुरावा हातात असला की उद्या खुर्चीत बसायला वेगळं कारण लागत नाही.

आता सोंगं. पुन्हा वाचणं अनेक वेश घेऊन येतं. पुस्तक उघडं ठेवून 'स्वतःच्या नोट्स' काढणं हे वाचनच आहे, फक्त हात दुखतो. दुप्पट वेगाने लेक्चर बघणंही वाचनच. मित्राला समजावताना दर दोन वाक्यांनी पानावर नजर टाकणं हेही तेच. हायलाइटरबद्दल मी फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. चार रंगांत रंगवलेलं पान म्हणजे प्रकाशकाने न काढलेली रंगीत आवृत्ती. स्टॉपवॉच लावून 'आज 11 तास 40 मिनिटं' असं स्टेटस ठेवणाऱ्यांना एकच विनंती: त्या तासांत पुस्तक किती वेळ बंद होतं, तेही टाका.

टेस्ट सिरीज लावली की झालं, असंही समजू नका. बहुपर्यायी प्रश्नात उत्तर समोरच छापलेलं असतं, त्यामुळे तिथे ओळखीवर बरंच निभावतं. पण बरंच म्हणजे पूर्ण नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे 18 विषय. दोन्ही आकडे ओळखीचे, आणि पर्यायांत नेमकी त्यांचीच अदलाबदल केलेली असते. चारही पर्याय ओळखीचे निघाले की ओळख काही कामाची उरत नाही, वर चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार ही धास्ती. म्हणून टेस्ट सोडवताना आधी पर्यायांवर हात ठेवा, उत्तर मनात आणा, मग हात काढा. सुरुवातीला वेळ जातो, जाऊ द्या.

आणि आता मुख्य परीक्षेत हात ठेवायला पर्यायच नाहीत. राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत 2025 पर्यंत पुढे गेली. त्या आंदोलनातली तयारीला वेळ मिळावा ही मागणी रास्तच होती. पण मिळालेला वेळ पुष्कळांनी आणखी जाड पुस्तकं आणखी वेळा वाचण्यात घालवला, हे बघून जीव तुटतो. वर्णनात्मक पेपरात समोर प्रश्न आणि खाली कोरी जागा असते. तो कोरा कागद परीक्षेच्या आधीच शेकडो वेळा समोर आलेला असायला हवा.

"म्हणजे घोकंपट्टीच की," असा एक आक्षेप हमखास येतो. नाही. घोकणारा न समजलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा पुन्हा म्हणतो. आठवून पाहणाऱ्याला समजलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत मांडावी लागते. 20 लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्यांना पंचायत राजचा मधला स्तर न ठेवण्याची मुभा का दिली असेल, हे पुस्तक मिटून दोन वाक्यांत सांगून बघा. घोकून ते येत नाही.

वाचनाला मी शिव्या देत नाही. पहिलं वाचन सावकाश, समजून, हातात पेन न घेता करावं. जे समजलंच नाही ते आठवणार कुठून? आणि आठवताना अडल्यावर उघडलेलं पुस्तक फार गोड लागतं. आता आपण नेमकं काय शोधतोय हे माहीत असतं, डोळे थेट काळे-पाटलांवर जातात आणि ती ओळ पक्की बसते. माझं मत विचाराल तर एका धड्यासाठी वाचन दोनदा पुरे, बाकी सगळा वेळ पुस्तक मिटून. कोऱ्या कागदावर लिहिणं त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होतं, ते होऊ द्यावं. विसरलेलं परत ओढून काढण्यातच काम होतं. रोज रोज तोच धडा आठवत बसणं हेही फुकटच, कारण तो अजून जिभेवरच असतो.

नुसतं वाचणं जिथे निर्विवाद जिंकतं अशी एक जागा आहे. मघाच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारेच पुढे होते. तेव्हा परीक्षेच्या दिवशी सकाळी, केंद्राच्या फाटकाबाहेर, आकडे, कलमं आणि समित्यांच्या वर्षांचं ते एक पान खुशाल वाचा. पुन्हा पुन्हा वाचा. तिथे कोरा कागद काढून स्वतःची परीक्षा घेत बसणाऱ्याला मी आधी पाणी देईन आणि मग त्याच्या हातातलं पेन काढून घेईन.