छोटा ट्रॅक्टर : नाशिकच्या बागा आणि मळ्यांतील वापर

साधारण ३० अश्वशक्तीच्या आतला, अरुंद बांध्याचा डिझेल ट्रॅक्टर. नाशिक जिल्ह्यात त्याला ‘मिनी ट्रॅक्टर’ किंवा नुसते ‘छोटा’ म्हणतात. निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांत तो मुख्यतः द्राक्षबागेसाठी घेतला जातो. मळ्यातली बाकीची कामे मग त्याच्याकडे आपोआप येतात. नांगरटीच्या मोठ्या ट्रॅक्टरची ही लहान आवृत्ती नव्हे. त्याचा आकार द्राक्षाच्या ओळींनी ठरवला आहे, आणि कामही.

द्राक्षाच्या दोन ओळींत बहुधा ८ ते १० फूट अंतर असते. त्यातला काही भाग बोद, म्हणजे वेलींच्या मुळाशी चढवलेला मातीचा लांब उंचवटा, खातो, बोदावर ठिबकची नळी असते, आणि वर इंग्रजी वाय (Y) आकाराच्या लोखंडी अँगलवर किंवा मांडवावर दोन्ही बाजूंचा पाला एकमेकांकडे झुकलेला असतो. उरलेल्या वाटेत ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घातला, तर चाक बोदावर चढते आणि वरच्या काड्या मोडतात. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास, उंची बेताची आणि वळण लहान असते. उभ्या सायलेन्सरची झळ पाल्याला लागते, त्यामुळे तो खाली आडवा वळवतात. ओळीच्या टोकाला बांधाकडे वळण्यापुरती जागा बाग लावतानाच सोडावी लागते. दोन-चार वेली जास्त बसवण्याच्या मोहात ती जागा गेली, तर बाग उभी असेपर्यंत प्रत्येक फवारणीला ट्रॅक्टर मागे-पुढे करत बसावे लागते.

या ट्रॅक्टरचे खरे काम फवारणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, की पोंगा, म्हणजे नवा कोंब, फुटण्यापासून मणी धरेपर्यंतचे दिवस बागायतदाराला झोप लागू देत नाहीत. परतीचा पाऊस, सकाळचे धुके आणि पानावरचा ओलावा एकत्र आले, की केवडा हा बुरशीचा रोग येतो; तो घडावर उतरला तर काही दिवसांत पीक हातचे जाते. पाऊस उघडल्यावर सगळ्या बागेवरून औषध किती तासांत फिरते, यावर हंगाम ठरतो. पूर्वी एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप, लांब नळी आणि हातात गन घेऊन दोन-तीन माणसे हे काम करत. आता ते ट्रॅक्टरमागचा ब्लोअर, म्हणजे टाकी, पंप आणि मोठा पंखा असलेले फवारणी यंत्र, करतो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, पंप आणि पंखा दोन्ही चालतात. नोझलमधून निघालेले थेंब पंख्याची हवा फोडते आणि पाल्याच्या आतपर्यंत, पानांच्या मागच्या बाजूलाही नेते. केवड्याची बुरशी पानाखालीच फोफावत असल्याने हा फरक मोलाचा आहे.

पूर्ण पाल्याच्या बागेला हेक्टरी १,००० लिटर, म्हणजे एकरी सुमारे ४०० लिटर पाणी धरून औषधाचे प्रमाण काढण्याची पद्धत आहे. ब्लोअरच्या टाक्या ४०० ते ६०० लिटरच्या असतात त्या याच हिशेबाने सोयीच्या पडतात. मात्र १८-२० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला भरलेली मोठी टाकी तीन बिंदूंच्या जोडणीवर, म्हणजे अवजार उचलून धरणाऱ्या मागच्या तीन दांड्यांवर, उचलता येत नाही. पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. अशा वेळी चाकांवरचा, मागे ओढायचा ब्लोअर घेतात किंवा पुढे वजने लावतात. पाला लहान असताना नोझल कमी चालू ठेवायचे, वेग ताशी ४-५ किलोमीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, आणि वर्षातून एकदा तरी नोझलखाली मापाचे भांडे धरून पाणी मोजायचे. एका बाजूची नोझल जास्त सोडत असतील, तर त्या ओळीत फळावर उरणारे औषधाचे अंश वाढतात. युरोपला जाणारा माल अंशांच्या तपासणीतून जात असल्याने ही मोजणी टाळणे मुळीच परवडणारे नाही.

पावसानंतर काळ्या जमिनीत ट्रॅक्टर फसतो, आणि फवारणीची गरज नेमकी तेव्हाच असते. फोर बाय फोर छोट्या ट्रॅक्टरांना इथे जी मागणी आहे, तिचे मूळ या चिखलात आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला आणि जिल्ह्यातील बागांचे मोठे नुकसान झाले. ओळीत चाक घालता येणे किती महत्त्वाचे, हे तेव्हा पुन्हा दिसले. काही जण ओळीतले गवत मुळासकट न काढता फक्त कापतात. गवताच्या मुळांनी वाट टणक राहते.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी (पीक निघाल्यावर नव्या काड्यांसाठी केलेली छाटणी) आणि नंतर मातीची कामे असतात. तीन-चार फुटी रोटाव्हेटरने ओळ भुसभुशीत करणे, बोद फोडून शेणखत भरणे, पुन्हा माती चढवणे. छाटलेल्या काड्या बांधावर पेटवण्याची सवय अजून आहे. पण पीटीओवरच्या श्रेडरने त्यांचा भुगा करून ओळीतच पसरला, तर माती झाकली जाते आणि सेंद्रिय अंश वाढतो. जाळण्यापेक्षा हे निश्चित चांगले.

मळ्यावर छोटी ट्रॉली वर्षभर जोडलेली दिसते. तीत गोठ्यातले शेण, चारा, खताच्या गोण्या, लोखंडी अँगल, रिकामे क्रेट, उन्हाळ्यात पाण्याची टाकी असे काही ना काही असते. थंडीत निफाडकडे पारा ५ अंशांखाली उतरला, की बागेत शेकोट्या पेटवायला सरपणही तिच्यातूनच जाते. कांद्याच्या हंगामात गादीवाफे पाडायला छोटा ट्रॅक्टर आणि साठवणीच्या चाळीपर्यंत कांदा वाहायला त्याची ट्रॉली उपयोगी पडते. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात मात्र खुला कांदा मोठ्या ट्रॉलीतून किंवा पिकअपमधून नेतात. छोट्या ट्रॅक्टरचे वजन कमी असल्याने भरलेली जड ट्रॉली उतारावर त्याला ढकलते. ब्रेक पुरत नाहीत. काळ्या रानाची उन्हाळी नांगरटही त्याचे काम नव्हे. ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने पल्टी नांगर लावून करून घेतात.

कळवण, सटाणा, देवळा भागातल्या डाळिंब बागांत ओळी रुंद असल्याने निवडीला अधिक वाव असतो. पश्चिमेकडे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा येथे गोष्ट वेगळी: भाताची खाचरे लहान, बांध उंच, रस्ते अरुंद. तिथे हलका ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर लोखंडी चाके लावून चिखलणी करतो. नागली-वरईच्या उतारांवर बैल आणि माणसेच टिकून आहेत.

धोक्यांविषयी गावोगाव हयगय दिसते. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. त्यावरचे झाकण काढलेले असेल, तर ओढणी, उपरणे किंवा सैल बाही अडकल्यावर हात आखडायलाही वेळ मिळत नाही. शेततळ्याच्या भरावावर आणि उंच बांधावर अरुंद ट्रॅक्टर सहज कलंडतो. ट्रॉलीत मजूर बसवणे तर सर्रास चालते. ते बंद व्हायलाच हवे. फवारणी करणारा चालक औषधाच्या धुक्यात तासन्‌तास बसतो, म्हणून त्याला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्यायलाच हवेत. घरचा मुलगा चालवत असला तरी हा नियम तोच.

निगा राखताना दोन गोष्टींकडे विशेष पाहावे लागते. ओळीतला पाला-कचरा रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापते, म्हणून जाळी रोज झाडावी. आणि बोर्डो मिश्रणातले मोरचूद लोखंडाला खाते. फवारणी संपल्यावर टाकी, पंप आणि ट्रॅक्टरचा मागचा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन नोझलमधून साधे पाणी सोडावे लागते. हे धुण्याचे पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला सोडू नये.