पोटभर जेवलेलं मांजर शिकार का करतं?

नागपूरला प्रतापनगरात आमच्या सांदवाडीत मधुमालतीचा वेल आहे. मागच्या एप्रिलात त्यात बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं बाहेर पडली तेव्हा त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर जेमतेम उडी घेता येत होती. खाली आमची मनी दबा धरून बसली होती. अंग दगडासारखं, हलत होतं ते फक्त शेपटीचं टोक. अर्ध्या तासापूर्वीच ती मासे-भात खाऊन उठली होती. मी पोचेपर्यंत एक पिल्लू गेलं. तिनं ते खाल्लंही नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोटाला कमी पडत असंल." तसं नव्हतं. मांजर आवडीचं खात असताना समोर उंदीर आला, तर ते जेवण सोडून उंदराला मारतं आणि परत जेवायला येतं, हे प्रयोगात दिसलं आहे. मांजराचा पूर्वज, आफ्रिकी रानमांजर, उंदरासारखी लहान शिकार करून जगतो. एका उंदरानं दिवस निघत नाही, आणि कितीतरी झेपा वाया जातात. भूक लागेपर्यंत थांबणारा उपाशीच राहील. तोच स्वभाव मनीत उतरला आहे, तिचा दोष नाही.

"आमचं मांजर काही मारत नाही" असं सांगणाऱ्यांनी एक आकडा ऐकावा. अमेरिकेत अथेन्स शहरात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले, तेव्हा शिकारीपैकी जेमतेम २३ टक्केच घरी आणलेली आढळली.

बाहेर मांजरालाही गाड्या, कुत्र्यांच्या टोळ्या, रेबीज आणि संक्रांतीचा नायलॉन मांजा आहेच. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: मांजर घरातच ठेवावं.

पण नुसतं कोंडणं क्रूरपणा होईल. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी घटली, मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाद्यानं ३६ टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा मात्र उपयोग दिसला नाही.

पहिले आठ दिवस मनी दाराशी बसून रडली, माझाही जीव तुटत होता. आता खिडकीला जाळी आहे, कूलरशेजारी तिची फळी आहे. संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून मी ती सोफ्याआडून सरपटत नेतो. मनी दबा धरते, झेप घेते. शेवटी चिंधी तिला पकडू देतो आणि लगेच माशाचा तुकडा पुढे ठेवतो. तो खाऊन ती अंग चाटते आणि झोपते.