तार एक, सूर चार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढायचे, म्हणजे तार गुंजत राहावी म्हणून घोडी घासून जुळवायचे, काम चालले होते. कारागीर चाचा घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्यावरून कानस हलकेच फिरवत, तार चढवत, छेडत, मान तिरकी करून ऐकत आणि पुन्हा तार उतरवत. अर्धा तास हेच. माझी सातवीची पोरे एव्हाना कंटाळून भिंतीला टांगलेले भोपळे मोजू लागली होती. मग चाचांनी तारेखाली सुती दोरा घातला आणि नखाने किंचित पुढे सरकवला. इतका वेळ 'टण्ण' करून विझणारी तार एकदम उमलली आणि गुंजतच राहिली.

"सर, आत दुसरंच कोणतरी गातंय!" मागून एक पोरगी म्हणाली.

तिने अगदी बरोबर ऐकले होते. तार आपल्या सगळ्या लांबीने थरथरते, त्याच वेळी ती अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यांतही थरथरत असते. हिशेबाला सोपे म्हणून खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार सेकंदाला 100 वेळा कंप पावते असे धरू. तिच्यातूनच 200, 300, 400, 500 अशी कंपनेही निघतात. 200 म्हणजे वरचा सा. 300 ही 200 ची दीडपट, तो पंचम, म्हणजे 'प'. 500 ही 400 ची सव्वापट, तो गंधार, म्हणजे 'ग'. तंबोऱ्याला गंधाराची वेगळी तार नसतेच, तरी जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीने सवायकी-दिडकीचे पाढे छड्या खात घोकले. तेच अपूर्णांक इथे चार तारांत बसलेले होते, हे त्यांना कुणी सांगितले नसावे.

या वाद्याने सी. व्ही. रामन यांनाही कोड्यात टाकले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारी उपकंपने उमटू नयेत, असा जुना नियम आहे. म्हणजे बरोबर मध्यावर छेडले तर 200 आणि 400 गायब व्हायला हवीत. तंबोऱ्यात ती गायब होत नाहीत. 1921 मध्ये रामन यांनी हे लिहून ठेवले आणि त्याचे कारण त्यांना घोडीत सापडले. गिटारसारख्या वाद्यात तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सौम्य उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर घासत, टेकत, उठत राहते आणि तळच्या स्वराची ऊर्जा सतत वरच्या स्वरांकडे जात राहते. तार नेमकी कुठे टेकेल ते दोरा ठरवतो, म्हणून तो केसभर सरकला तरी सगळा आवाज बदलतो.

चाचांकडे हे मोजायचे यंत्र नव्हते. त्यांचा कान होता. आपण सहज म्हणतो, 'अमक्याचा कान तयार आहे'. हा तयार कान असतो कुठे? कानाच्या पाळीत आणि पडद्यात तर तो नसतो, तिथे तुमच्या-माझ्यात आणि चाचांत फारसा फरक नाही. तो असतो पुढे, मेंदूत.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्रॉस यांच्या प्रयोगशाळेने हे मोजले. मुलाच्या डोक्याला बारीक इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात 'दा'सारखे एक अक्षर पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि मेंदूत उठणारी विजेची लहर टिपायची. गंमत अशी की ही लहर मूळ आवाजाच्या लहरीसारखीच दिसते. ती स्पीकरवर वाजवली तर अक्षर बऱ्यापैकी ओळखूही येते. मेंदूने आवाजाची नक्कल किती नेमकी केली, ते असे कागदावर उतरते.

लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना तिथली एक संस्था मोफत संगीत शिकवते. क्रॉस यांच्या गटाने त्या मुलांची अशी तपासणी केली आणि निष्कर्ष 2014 मध्ये छापले. एक वर्ष संगीत शिकलेल्या मुलांत काहीच फरक दिसला नाही. दोन वर्षांनी दिसला. एकमेकांशी जवळ असलेली अक्षरे त्यांचा मेंदू अधिक स्पष्टपणे वेगळी करू लागला होता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या माध्यमिक शाळांतला अभ्यास आला. काही मुलांनी शाळेच्या तासाला सामूहिक संगीत घेतले होते, काहींनी आपल्या एनसीसीसारखे लष्करी प्रशिक्षण. कष्ट दोघांनीही केले, पण आवाज टिपण्यातली परिपक्वता तीन वर्षांत संगीतवाल्यांमध्ये अधिक दिसली. ही मुले चौदा-पंधराच्या वयात सुरुवात करणारी होती. 'आता उशीर झाला' म्हणणाऱ्या पालकांना मी हा अभ्यास आवर्जून सांगतो.

यात शाळेचा काय फायदा? जुलैत पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात कधी श्रुतलेखन घेऊन पाहा. 'प' आणि 'ब' यांच्यातला फरक सेकंदाच्या काही शतांश भागाचा असतो. वरून पाऊस, शेजारच्या वर्गात पाढे, बाहेर ट्रॅक्टर. त्यातून बाईंचा आवाज वेगळा काढायचा आणि त्यातला तो शतांशही पकडायचा. ज्याला हे जमत नाही, त्या पोराला आपण बेधडक 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो.

इथे एक हवा काढून टाकायला हवी. संगीताने मुले हुशार होतात, गणितात गुण वाढतात, अशी जाहिरात क्लासवाले करतात. तिचे मूळ 1993 च्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियात 36 कॉलेजकुमारांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकवला, त्यानंतर त्यांनी कागदाच्या घड्या ओळखण्याचे कोडे थोडे बरे सोडवले. परिणाम पंधरा मिनिटांत विरला, बातमी मात्र राहिली. 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी तरतूद मागितली! नंतर टोरांटोजवळ सहा वर्षांच्या 144 मुलांवर नेटका प्रयोग झाला. वर्षभर काहींना पेटीसारखे कीबोर्ड, काहींना गाणे, काहींना नाटक शिकवले, काहींना काहीच नाही. बुद्ध्यंकात संगीतवाले इतरांपेक्षा सरासरी तीनेक गुणांनीच पुढे गेले. वागण्या-बोलण्यात सुधारणा दिसली ती नाटकवाल्यांत. (1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पडदा उघडला, त्या सांगलीकरांनी यावर मिशीला पीळ द्यायला हरकत नाही.) पुढे 2020 मध्ये 50हून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा काटेकोर प्रयोगांत गुणवाढ जवळजवळ शून्यावर आली.

मला याचे वाईट वाटत नाही. खोखो गणितासाठी खेळवतो का आपण? संगीताला गणिताचे शेपूट लावले की गणिताचा जादा तास आल्यावर पहिला बळी संगीताचाच जातो. कान तयार होणे हे संगीताचे स्वतःचे काम आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या तासाला होत नाही. त्यातही नुसते ऐकून भागत नाही. गळा, बोटे, टाळी यांनी स्वतः सूर-ताल काढावे लागतात, चुकावे लागते, चूक ऐकू यावी लागते.

आणि आपल्या सांगली जिल्ह्याने हे म्हणायला लाजू नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले आणि घराण्याच्या उंबऱ्याआडची विद्या वर्गात, अभ्यासक्रमात आणली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांची, मोजमापे मांडली, तेव्हा गळा होता गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढे सगळे असून त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावरच्या किती शाळांत संगीताचा तास आहे, हे तुम्हीच मोजा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. बहुतेक ठिकाणी कला म्हणजे चित्रकला.

महागडी वाद्ये लागत नाहीत. गावोगाव भजनी मंडळे आहेत. त्यांच्यात पेटीवाला असतो, पखवाजी असतो, लेझीम तर शाळेच्या कपाटातच गंजत पडलेली असते. तंबोऱ्याचे ॲप फुकट मिळते, जवारीचा बाज त्यात तसा येत नाही एवढेच.

आम्ही आमच्या शाळेत गेल्या वर्षी सुरुवात केली. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास. भजनी मंडळाचे एक काका पेटी घेऊन सायकलवर येतात. पहिले तीन महिने नुसता कल्ला होता. चौथ्या महिन्यात सगळा वर्ग एकदा, पाच-सात सेकंद, एका सुरात लागला. पोरे स्वतःच दचकून थांबली. जी पोरगी कारखान्यात 'दुसरंच कोणतरी' म्हणाली होती, ती आता पेटीचा भाता हलवायला पुढे बसते. अकरा महिने झालेत. मुख्याध्यापक अधूनमधून विचारतात, "काय फरक पडला का?" मी त्यांना लॉस एंजेलिसचा हिशेब सांगतो. अजून तेरा महिने बाकी आहेत.