मलम बाळाला, झोप आईला

इसब असलेल्या मुलाच्या केसपेपरवर चट्टे, खाज, मलमाचं नाव, पुढची तारीख असं सगळं असतं. त्याचे हात धरून रात्रभर अर्धवट जागणाऱ्या आईबद्दल मात्र एक ओळही नसते. ती असायला हवी, कारण तिची झोप हा या उपचाराचाच भाग आहे.

खाज रात्रीच का उसळते? दाहाला आवर घालणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री सर्वांत कमी असतं. त्वचा गरम होते, तिच्यातून पाणीही जास्त उडून जातं. इसबात त्वचेचं कवच मुळातच कच्चं. काही मुलांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्याला कारणीभूत असतो, हे २००६ साली कळलं. त्यात सोलापूरचा उन्हाळा! पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, आणि घाम आला की चट्टे चुरचुरतात.

‘रात्री उठावं लागतं, पण झोपते की मध्येमध्ये’ असं आई म्हणते. तेल अवीवच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं. निरोगी तरुणांना आठ तासांच्या झोपेत चार वेळा उठवलं, दरवेळी दहा-पंधरा मिनिटं कामाला लावलं. सकाळी त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सलग चारच तास झोपू दिल्यावर होते तितकीच बिघडलेली होती. ही गत एका रात्रीची. इथे वर्षंच्या वर्षं जातात.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो माय-लेकरांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. इसब असलेल्या मुलांच्या आयांना झोप लागायला त्रास होत होता, दिवसा थकवा होता, आणि मुलांच्या झोपमोडीवरून त्याचा पूर्ण उलगडा होत नव्हता. मूल शांत झोपलं तरी आईचा कान जागाच राहत असावा.

दिवसा वेगळाच ताप. ‘गरोदरपणी काय खाल्लं होतंस?’ हा प्रश्न सासरी-माहेरी दोन्हीकडे. मग शेंगाचटणी बंद, अंडी बंद, वांगं बंद. तपासणीविना केलेल्या अशा पथ्याने बहुतेकदा खाज हटत नाही, मुलाचं पोषण तेवढं घटतं. रोज अंघोळ घाला, चादरी धुवा, हा सल्ला सोपा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे तो कसा पाळायचा? (टॉवेल सोलापुरी असला तरी टिपायचा, घासायचा नाही.)

सगळ्यांत महागात पडते ती स्टेरॉइडची भीती. ती निराधार नाही: दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी अनेकांची कातडी पातळ झालेली आहे. पण त्या धास्तीने डॉक्टरांनी दिलेलं मलमही कणभर लावलं, तर दाह धुमसत राहतो आणि रात्री जागरणात जातात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम मोठ्याच माणसाच्या, बोटांसकट दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं, असं माप १९९१ पासून रूढ आहे. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने लावायचं.

आठवड्यातल्या दोन रात्री तरी बाबाने किंवा आजीने मुलाजवळ झोपावं, आईने दुसऱ्या खोलीत, दार लावून. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, अशी स्थिती असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. थकलेल्या बाईला तेवढंही सुचत नाही. नंबर घरातल्या कुणीतरी लावून द्यावा.