डावखुऱ्याची बारा बोअर

कोल्हापूरच्या नेमबाजीचं नाव निघालं की तिघं हमखास आठवतात. २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ही सगळी पदकं रायफल आणि पिस्तुलाची. छर्रे उडवणाऱ्या शॉटगनबद्दल, म्हणजे बारा बोअरबद्दल, आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. डावखुऱ्या नेमबाजाची खरी पंचाईत मात्र तिथेच होते.

जुन्या डबलबारीत, म्हणजे दुनाळी बंदुकीत, चुकून बार होऊ नये म्हणून असलेला सेफ्टीचा खटका दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, मानेवर, अगदी मधोमध असतो. अंगठा डावा असो की उजवा, तो पुढे-मागे सरकवायला सारखाच सोपा. नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायच्या पंप ॲक्शन बंदुकीचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा चापाच्या मागेपुढे एक आडवी बारीक दांडी आरपार गेलेली असते. तिचं एक टोक उजवीकडे दिसतं, दुसरं डावीकडे. उजव्या हाताच्या माणसाची तर्जनी बंदुकीच्या उजव्या अंगाला टेकलेली असते. त्याच बोटानं दांडी डावीकडे ढकलली की बंदूक झाडायला मोकळी होते आणि डाव्या बाजूला लाल कडी दिसू लागते. उलट ढकलली की चाप बंद.

आता हीच बंदूक डावखुऱ्याच्या हातात द्या. त्याची तर्जनी डाव्या अंगाला. तिनं सहज दाबलं की चाप बंद होतो. मोकळा करायचा तर बोट खालून वळवून पलीकडे न्यावं लागतं, नाहीतर पकड सैल करून अंगठा वापरावा लागतो. भरलेल्या बंदुकीवरची पकड अशी मोडणं मला धोक्याचं वाटतं. ‘सवय होते हो’ म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

दांडीच्या आत काय चालतं ते साधं आहे. तिच्या मधल्या अंगावर एका ठिकाणी खाच असते, बाकी भाग भरीव. चाप ओढला की त्याचा मागचा भाग हलू पाहतो. समोर भरीव भाग आला तर तो अडतो, खाच आली तर त्याला जागा मिळते. दांडी दोन्ही जागी घट्ट बसावी म्हणून खालून स्प्रिंगनं दाबलेली एक बारीक गोळी तिच्या चरात पडते. ‘टक्’ आवाज येतो तो तिचाच. डावखुऱ्यासाठी वेगळी दांडी मिळते, तिच्यावरची खाच आरशातल्यासारखी उलट्या बाजूला असते. काही बंदुकांत तर तीच दांडी काढून उलटी बसवता येते. सुटा भाग बोटाच्या पेराएवढा, पण गोळी-स्प्रिंग नीट बसली नाही तर बंदूक ‘बंद’ दिसूनही मोकळी राहू शकते. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरबदल हे त्या कामाचा परवाना असलेल्या कारागिराचंच काम. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नये.

आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अशी सेफ्टी बहुधा फक्त चापाला अडवते, काडतुसावर ठोका देणाऱ्या आतल्या घोड्याला नाही. बंदूक आपटली तर तिच्या भरवशावर राहता येत नाही, मग दांडी उजवी असो की डावी.

स्पर्धेतल्या ट्रॅप प्रकारात, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या फोडायच्या खेळात, सेफ्टीचा प्रश्न जवळपास उरतच नाही, कारण तिथली दुनाळी बंदूक नेम धरायची वेळ येईपर्यंत उघडीच ठेवतात. तिथे डावखुऱ्याला नडतो तो दस्ता. शॉटगनला मागची माशी, म्हणजे नेम जुळवायची मागची खूण, नसते. डोळा हीच मागची माशी. म्हणून कारखान्यात दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, म्हणजे उजव्या गालावर टेकवला की उजवा डोळा नळीच्या रेषेत येतो. डावखुऱ्याला तोच झुकाव उलटा पडतो. किती फरक पडतो? डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या मण्यापर्यंत साधारण १ मीटर अंतर धरा. डोळा ३ मिलिमीटर बाजूला सरकला तर ३५ मीटरवर नेम सुमारे १० सेंटिमीटर चुकतो. आणि ज्या चकतीवर नेम धरायचा तिचा व्यास ११ सेंटिमीटर! छर्रे पसरतात म्हणून थोडी सूट मिळते, पण चकती ताशी १०० किलोमीटरनं जाते असं धरलं तर सेकंदाच्या दहाव्या भागात ती पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. आधीच इतकं कमी हातात असताना झुकावाची चूक कशाला सोसायची?

डावखुऱ्यासाठीच्या दांडीत किंवा दस्त्यात पैसे घालण्याआधी डोळा मात्र तपासावा. जगात सुमारे १० टक्के माणसं डावखुरी, पण डावा डोळा प्रबळ असणारी, म्हणजे नेम धरताना आपोआप डाव्या डोळ्यावर भिस्त ठेवणारी, साधारण एक तृतीयांश. म्हणजे हात आणि डोळा एकाच बाजूचे असतील असं नाही. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट करा, हात लांब धरा आणि त्या फटीतून पलीकडच्या शालिनी पॅलेसचा मनोरा दोन्ही डोळ्यांनी बघा. मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला मनोरा फटीतच दिसत राहतो, तो प्रबळ. डाव्या हाताच्या पोराचा उजवा डोळा प्रबळ निघाला, तर त्यानं उजव्या खांद्यावरून नेमबाजी शिकून पाहावी असं अनेक प्रशिक्षक सुचवतात. दोन्ही डावे असतील, तर त्याला जबरदस्तीनं उजव्या खांद्यावर वळवू नये. आपल्याकडे डाव्या हातानं घास घेतला तरी पोरांना रागावतात, तीच सवय रेंजवर नेण्यात काही अर्थ नाही.

दांडी बदलून घेतलीच, तर बंदूक रिकामी करून, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बोटानं चाचपून, लाल कडी आता उजवीकडे दिसते ना ते बघावं. आणि त्याच बंदुकीचा परवाना घरातल्या उजव्या हाताच्या माणसाकडेही असेल, तर बदल झालेल्या दिवशीच त्याच्या हातात ती रिकामी देऊन खटका दोन्हीकडे सरकवून दाखवावा. त्याच्या बोटाला वर्षानुवर्षं ठाऊक असलेली ‘बंद’ची दिशा आता ‘मोकळी’ची झालेली असते.